संगणकाची काकड आरती

पूर्ण बंद पडलेल्या यंत्राचा घराला फारसा त्रास नसतो. मिक्सर जळाला की वास सुटतो, सगळे एकदा चुकचुकतात आणि संध्याकाळपर्यंत नवा येतो. खरा छळ मांडतं ते यंत्र, जे कधी चालतं आणि कधी चालत नाही. ते टाकून देता येत नाही, कारण काल दिवसभर छान चाललेलं असतं. आणि त्याच्यावर विसंबताही येत नाही, कारण आज सकाळी त्यानं डोळा उघडलेला नसतो. आमच्या घरी हा मान गेल्या कार्तिकात संगणकाला मिळाला.

लक्षण असं होतं. बटण दाबलं की पुढचा निळा दिवा लागे, आतला पंखा घुमू लागे, पडदा मात्र काळाच राही. चार-पाच सेकंदांनी सगळं विझे आणि कुणी हात न लावता पुन्हा सुरू होई. पुन्हा दिवा, पुन्हा पंखा, पुन्हा काळोख. असं करता करता मध्येच त्याच्या मनात काय येई कोण जाणे, पडद्यावर अक्षरं उमटत, विंडोजचं चिन्ह येई आणि मग रात्री बंद करेपर्यंत एका शब्दाची तक्रार नसे. दिवसभर राबायची त्याची तयारी होती. फक्त उठायची नव्हती.

त्याच दिवसांत आमच्या गल्लीतल्या विठ्ठलमंदिरात पहाटेचा काकडा सुरू झाला होता. टाळांचा आवाज खिडकीतून आत येई. तिथे देवाला उठवायचा विधी ठरलेला, क्रम ठरलेला, आणि देव उठेल की नाही अशी शंका कुणालाच नाही. आमच्याकडे विधी प्रत्येकाचा निराळा होता आणि शंका तेवढी सगळ्यांची सारखी होती. मुलानं या सकाळच्या प्रकाराला ‘काकड आरती’ असं नाव ठेवलं आणि ते घरात रुळलं. ‘झाली का काकड आरती?’ याचा अर्थ, संगणक उठला का, मला फी भरायची आहे.

हा संगणक तापकीर गल्लीत सुटे भाग घेऊन जुळवलेला. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड तशी पुणेकरांना तापकीर गल्ली. एक काळ असा होता की मध्यमवर्गीय घरातला संगणक कंपनीचा म्हणून येतच नसे, तो असेंबल होऊन येई. बोर्ड एका दुकानातून, रॅम दुसऱ्यातून, हार्ड डिस्क ओळखीच्या माणसाकडून. प्रोसेसरवर घरात आठवडाभर चर्चा होई. कॅबिनेट दिसायला बरं म्हणून निवडलं जाई, आणि त्याच्या पोटात एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, फुकट आलेला असे. फुकट आलेल्या वस्तूविषयी कुणी चर्चा करत नाही. पुढे आमच्या संगणकाचं बरंच काही बदललं. बोर्ड बदलला, रॅम वाढली. ते कॅबिनेट आणि त्याच्या पोटातला तो डबा मात्र मूळ पुरुषासारखे तिथेच राहिले.

आता घरोघरी मोबाईल आणि लॅपटॉप असताना हे धूड कशाला, असं पाहुणे विचारतात. त्याचं कारण असं, की सोसायटीचे हिशेब त्यात आहेत, सगळ्यांचे फोटो त्यात आहेत, आणि ते दुसरीकडे हलवायचं काम ‘या दिवाळीच्या सुट्टीत’ करायचं गेली काही वर्षं ठरलेलं आहे.

संगणक उठेना म्हटल्यावर प्रत्येकानं आपापला उपाय काढला. बायकोचा उपाय शांतपणाचा. ती भिंतीवरचं बटण बंद करी, चहा टाकी, तो बसून पिई आणि मग बटण लावी. “जरा वेळ द्यावा माणसानं,” असं ती म्हणे. मुलाचा उपाय तांत्रिक. तो मागची वायर उपटून पुढचं बटण अर्धा मिनिट दाबून धरी. “आत उरलेला चार्ज निघून जातो, बाबा.” एवढं शास्त्र झाल्यावर तो कॅबिनेटच्या डाव्या कुशीत एक चापट मारी. तिचं शास्त्र त्यानं कधी सांगितलं नाही. माझं काम मागे उभं राहून “आता येईल” असं म्हणण्याचं.

आईचं निदान सगळ्यांत सरळ होतं. “थंडी बाधते रे त्याला. सकाळचा उठत नाही, दुपारी मेला कसा टुणकन उठतो!” रात्री संगणक बंद झाला की ती त्याच्यावर आपली जुनी शाल पांघरू लागली. संगणकाला त्रास व्हायचा तो उष्णतेचा, थंडीचा नव्हे. म्हणून तर आत पंखे बसवलेले असतात, हे आम्ही तिला परोपरीनं समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शाल नीट खोचली.

शेजारच्या काकांचं मत यापैकी कशाशीच जुळत नव्हतं. काका राज्य सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. २००१ साली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम निघाला, पुढे सरकारी नोकरीत तो आवश्यक ठरला आणि महाराष्ट्रातल्या लाखो माणसांच्या हातात पहिल्यांदा माउस आला. काका त्या पिढीचे. त्यांचं प्रमाणपत्र अजून भिंतीवर आहे. त्यांच्या लेखी संगणकाला रोग एकच, व्हायरस; आणि औषध एकच.

“फॉरमॅट मारा.”

“अहो काका, पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. हार्ड डिस्कपर्यंत गोष्ट पोचतच नाही.”

“म्हणूनच म्हणतो, फॉरमॅट मारा.”

काकांवर हसणं सोपं आहे; पण त्यांच्या भीतीला इतिहास आहे. जुन्या पद्धतीचा संगणक उठताना डिस्कच्या अगदी पहिल्या तुकड्यावर जातो. तो तुकडा ५१२ बाइटचा. त्यातल्या शेवटच्या दोन बाइटमध्ये ठरलेली एक खूण दिसली, की त्या तुकड्यात जे काही लिहिलं असेल ते तो निमूट करू लागतो. कोण तू, कुठला, कुणी पाठवलं, काही विचारत नाही. नेमक्या याच भाबडेपणाचा फायदा घेऊन १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस लिहिला. तो फ्लॉपीच्या त्या पहिल्या तुकड्यात जाऊन बसे. गंमत अशी, की त्यात त्या भावांनी आपली नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा लिहून ठेवला होता. आजच्या चोरांमध्ये एवढी सभ्यता राहिलेली नाही.

त्या भाबडेपणाचा एक प्रयोग आमच्याकडेही झाला. एका सकाळी पडदा उजळला आणि त्यावर इंग्रजी ओळ आली. इतक्या दिवसांनी संगणक काहीतरी बोलला म्हणून सगळे धावत आले. ओळीचा अर्थ असा होता, की डिस्क किंवा इतर जे काही लावलं असेल ते काढा आणि कुठलीही कळ दाबा. मागे वाकून पाहिलं तर आईचा पेन ड्राइव्ह खोचलेला. उठताना कुठे कुठे शोधायचं याची संगणकाकडे एक यादी असते, आणि आमच्या यादीत पेन ड्राइव्हचा नंबर हार्ड डिस्कच्या आधी होता. संगणकानं आधी तिथे जाऊन पाहिलं. तिथे हरिपाठ होता, एकादशीची कीर्तनं होती, विंडोज नव्हतं. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “मग सकाळी सकाळी हरिपाठ सोडून पुढे जायची घाई कशाला?”

पेन ड्राइव्ह काढला. संगणक उठला. झालं, कारण सापडलं, असं सगळ्यांनी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह नव्हता आणि संगणकही उठला नाही.

मग रॅम. संगणक दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही माणसाला फोन केला की त्याचा पहिला प्रश्न असतो, “डिस्प्ले येतोय का?” आणि दुसरं वाक्य, “रॅम काढून रबर मारा.” परदेशात यासाठी काय वापरतात ते असो, आपल्याकडे शाळेच्या कंपासपेटीतलं खोडरबर हे संगणकाचं पहिलं औषध आहे. रॅमच्या पट्टीच्या कडेला सोन्याचा पातळ मुलामा दिलेल्या खुणा असतात. त्यांच्यावर धूळ आणि दमट हवेचा थर बसला की बोर्डाशी त्यांचं बोलणं तुटतं. रबरानं हळूच घासून पट्टी पुन्हा बसवली की बऱ्याचदा काम होतं. आमचंही झालं. मुलानं रबर मारलं, पट्टी खट् आवाज येईपर्यंत दाबली, आणि संगणक पहिल्या फटक्यात उठला. ते खोडरबर त्या दिवशी परत कंपासपेटीत गेलं नाही. टेबलावर मानानं ठेवलं गेलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा काळोख.

मधल्या काळात आणखी एक पीडा उद्भवली. संगणक उठे तेव्हा त्याला २०१२ साल वाटू लागलं. बोर्डावर एक नाण्याएवढा सेल असतो. वीज नसताना घड्याळ चालू ठेवण्याचं काम त्याचं. तो संपला होता. बायको रोज भिंतीवरचं बटण बंद करून चहा पीत असल्यामुळे त्या चहाच्या वेळात संगणक थेट आपल्या तरुणपणात जाई. बँकेची साइट त्याला दारातच अडवू लागली, कारण तिचं ओळखपत्र ज्या तारखेपासून लागू होतं ती तारीख संगणकाच्या हिशेबानं अजून उगवायचीच होती. सोसायटीच्या एका सभासदाला इमारत बांधून होण्याच्याही आधीच्या तारखेची देखभाल-पावती गेली. त्यांनी ती मोठ्या आनंदानं जपून ठेवली आहे.

जुना सेल काढला तर त्यावर २०३२ आकडा. काकांनी चष्मा वर करून तो पाहिला. “अहो, हा तर २०३२ पर्यंत चालायला हवा!” खरं म्हणजे तो आकडा मापाचा असतो, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. पण काका दुकानदाराकडे जाऊन भांडायला निघाले होते, त्यांना थांबवताना आमचा अर्धा रविवार गेला. नवा सेल घातला. संगणकाला आजची तारीख कळली. उठण्याविषयीचं त्याचं मत बदललं नाही.

इथे थोडं त्याच्या बाजूनंही बोलायला हवं, कारण उठणं म्हणजे त्याच्यासाठी काय असतं याची आपल्याला कल्पना नसते. रात्री बंद केलेल्या संगणकाच्या प्रोसेसरला सकाळी काहीही आठवत नसतं. घर कुणाचं, काम काय, डिस्क कुठे, पडदा आहे की नाही, काही नाही. त्याला एकच गोष्ट ठाऊक असते : एक पत्ता. चार गिगाबाइटच्या पत्त्यांच्या अगदी टोकाला, शेवटापासून सोळा बाइट अलीकडे. तिथे जायचं आणि जे लिहिलं असेल ते करायचं. तिथे बायोस हा सुरुवातीचा प्रोग्रॅम भेटतो. बायोस हातपाय चालतात का ते तपासतो. रॅम आहे का, पडदा आहे का. मग डिस्कचा पहिला तुकडा शोधतो. तो तुकडा पुढच्या थोड्या मोठ्या प्रोग्रॅमला हाक मारतो, तो त्याहून मोठ्याला, आणि शेवटी विंडोज उठतं. या साखळीत सगळं माहीत असलेला कुणीच नसतो. प्रत्येकाला फक्त पुढच्याचा पत्ता माहीत. त्यामुळे साखळी तुटली, तर कुठे तुटली हे सांगायलाही मागे कुणी जागं नसतं.

पूर्वी निदान आवाज तरी येई. बोर्डाला एक छोटा स्पीकर असे. सगळं ठीक असेल तर अनेक संगणक एक आखूड बीप देत. एक लांब आणि दोन आखूड आले तर काही बोर्डांच्या भाषेत पडद्याच्या कार्डाची तक्रार. मेकॅनिक फोनवरच “बीप ऐकवा” म्हणत आणि तेवढ्यावर निदान करत. आता तो स्पीकर बहुधा बोर्डाबरोबर येतच नाही. महागातल्या बोर्डांवर त्याऐवजी चार बारीक दिवे असतात. आमच्यावर दिवेही नाहीत आणि स्पीकरही नाही. तो काहीच न बोलता नापास होई.

आणि ही सुरुवातीची अडचण काही आजची नाही. १९७५ साली ‘अल्टेअर ८८००’ नावाचा घरी जुळवायचा संगणक अमेरिकेत निघाला, तेव्हा त्याला कीबोर्ड नव्हता, पडदा नव्हता. समोर खटक्यांची एक रांग. बंद करून पुन्हा चालू केला की उठायचं कसं हे माणसानं खटके वर-खाली करून, एकेक अंक भरून, त्याला शिकवायचं. त्या यंत्रासाठी बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी बेसिक ही भाषा लिहिली. ती दाखवायला ॲलन विमानानं निघाला, आणि विमान उतरायला आलं असताना त्याच्या लक्षात आलं, की कागदी पट्टीवरची ती भाषा यंत्रात ओढून घेणारा सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम लिहायचाच राहिला आहे. तो त्यानं तिथेच, आसनावर बसून लिहिला. एवढी मोठी भाषा तयार. सुरू कशी होणार तेवढं राहिलं. पुढे ते सुरुवातीचं शिकवणं बोर्डावरच्या चिपमध्ये कायमचं कोरलं गेलं आणि आपण सगळे एका बटणाचे लाडावलेले झालो.

आमच्या संगणकात होता तसल्या दोषाचा शोध घ्यायची पद्धत जगभर एकच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पाहायचं. वेदान्तातल्या ‘नेति नेति’ची आठवण यावी अशी ही शिस्त : रॅम काढली, ही नव्हे, केबल बदलली, ही नव्हे, डिस्क सोडवली, हीही नव्हे. पण घरात ही शिस्त पाळणं कठीण. आमच्याकडे एका सकाळी शाल निघे, चहा होई, वायर उपटली जाई, चापट बसे, मी “आता येईल” म्हणे आणि काका दारातून फॉरमॅट सुचवत. आणि संगणक उठे. मग उठला कशानं? चहा म्हणे माझ्यामुळे, चापट म्हणे माझ्यामुळे.

या प्रकाराचा एक जुना प्रयोग आहे. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९४८ साली तो प्रसिद्ध केला. त्यानं आठ भुकेली कबुतरं घेतली आणि प्रत्येकाला पिंजऱ्यात ठेवून ठरावीक वेळानं दाणे दिले. कबुतरानं काहीही केलं किंवा न केलं, तरी वेळ झाली की दाणे पुढे येत. थोड्याच वेळात आठांपैकी सहा कबुतरांनी आपापले विधी ठरवून टाकले. दाणे आले तेव्हा जे जे करत होते, त्यामुळेच ते आले, असं प्रत्येकानं धरलं. एक पिंजऱ्यात उलट्या प्रदक्षिणा घालू लागलं. एक वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसू लागलं. दोघं मान आणि अंग डोलवू लागली. मी हे घरात वाचून दाखवलं. मुलानं विचारलं, “प्रदक्षिणा घालणाऱ्याला दाणे जास्त मिळाले का?” मिळाले नाहीत म्हटल्यावर तो म्हणाला, “कमी पण नाही ना मिळाले?” या प्रश्नाला स्किनरकडेही उत्तर नसावं.

आणि हे फक्त आमच्यासारख्या घरांत होतं असं नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक उठता उठता कोसळू लागले. निळा पडदा, पुन्हा सुरू, पुन्हा निळा पडदा. विमानं खोळंबली, आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्या वेळी मायक्रोसॉफ्टनं आपल्या क्लाउडवरच्या काही ग्राहकांना सल्ला दिला, की संगणक पुन्हा पुन्हा सुरू करून पाहा. काहींना तर १५ वेळा करावं लागलं आहे. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. एवढी थोर कंपनी, आणि तिचाही उपाय आमच्या गल्लीतलाच.

फरक होता, तो असा. त्या १५ वेळांना कारण होतं. प्रत्येक वेळी उठताना आणि कोसळताना मध्ये अगदी थोडा अवधी मिळे, आणि तेवढ्यात दुरुस्त फाइल नेटवरून उतरली तर संगणक वाचे. म्हणजे पुन्हा पुन्हा तेच करणं हा वेडेपणा नव्हता. आत कुठेतरी एक शर्यत चालली होती आणि प्रत्येक प्रयत्न म्हणजे त्या शर्यतीची नवी संधी. हे वाचल्यापासून मी आमच्या काकड आरतीकडे जरा आदरानं पाहू लागलो. आमच्याही खटाटोपाच्या पोटात असंच काहीतरी घडत असलं तर?

पौषात थंडी वाढली. पुण्यात पहाटे पारा दहाच्या आसपास उतरू लागला आणि संगणकाची सकाळ साडेअकराच्या पुढे गेली. शेवटी मेकॅनिकला घरी बोलावलं. पंचविशीतला मुलगा, पाठीवर सॅक. त्यानं आधी कुणाचंच ऐकून घेतलं नाही, हे मला आवडलं. मग सगळ्यांचं ऐकून घेतलं, हे सगळ्यांना आवडलं. आईचं वाक्य ऐकल्यावर तो थांबला.

“आजी, दुपारी लगेच उठतो म्हणालात?”

“टुणकन.”

“घरात हेअर ड्रायर आहे का, काकू?”

बायकोनं संशयानं आणून दिला. त्यानं कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसच्या जाळीवर लांबून काही वेळ गरम हवा सोडली, ड्रायर बाजूला ठेवला आणि बटण दाबलं. संगणक एका दमात उठला. मग त्यानं समजावलं. त्या डब्यात कपॅसिटर असतात. त्यांच्या आत द्रव असतो, आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं तो सुकत जातो. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे. असे म्हातारे झालेले कपॅसिटर थंडीत आणखी आखडतात. चालू केल्यावर एसएमपीएसनं आपली वीज स्थिर असल्याची ग्वाही बोर्डाला द्यायची असते. बारा व्होल्टची वायर ११.४ आणि १२.६ यांच्या मध्ये हवी, आणि स्थिरावल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत ही ग्वाही जायला हवी. ती गेली नाही, किंवा जाऊन डळमळली, की बोर्ड प्रोसेसरला उठूच देत नाही. पण प्रत्येक प्रयत्नात थोडा प्रवाह वाहतो, कपॅसिटर थोडे कोमट होतात. अशा बऱ्याच कोमट प्रयत्नांनंतर एकदाची वीज स्थिर होते. उष्णतेनं म्हातारा झालेला डबा थंडीमुळे उठत नव्हता, असा हा दुहेरी न्याय.

म्हणजे चापट नव्हे, रबर नव्हे, व्हायरस तर नव्हेच. आमच्या प्रत्येक विधीनं एकच काम केलं होतं : मध्ये वेळ गेला होता आणि बटण पुन्हा दाबलं गेलं होतं. शालीनं काही ऊब मिळाली असेल असं मेकॅनिक म्हणाला नाही. बंद यंत्राला शालीनं स्वतःची ऊब येत नाही. पण निदान करताना तो आईच्याच वाक्यावर थांबला होता, आणि हे आईनं नीट टिपलं होतं. दुरुस्ती इथे होत नाही, असंही तो म्हणाला. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात, म्हणून डबा कुणीही उघडायचा नाही. त्यानं सॅकमधून नवा एसएमपीएस काढला, बसवला, तीन वर्षांच्या वॉरंटीचं बिल दिलं आणि गेला. त्याच्या बिलावर एकच ओळ होती. काकांनी ती वाचली आणि म्हणाले, “फॉरमॅट नाही मारला?”

त्याला आता बरेच दिवस झाले. संगणक पहिल्या बटणाला उठतो, भर थंडीतही. तरी बायको आधी चहा घेते. मुलगा जाता जाता कॅबिनेटला एक हलकी चापट देतो. शाल रोज रात्री घातली जाते. “एक थंडीनं आजारी पडला, दुसऱ्याला तरी जपा,” असं आई म्हणते आणि त्यावर घरात कुणाकडे उत्तर नाही. मी मागे उभा राहून “आता येईल” म्हणतो, आणि तो येतो. स्किनरच्या कबुतरांना दाणे घड्याळानं पडतात हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं, एवढा तरी त्यांच्या बाजूनं बचाव आहे. आम्हाला सांगितलं गेलं आहे, आणि त्याचं बिल आम्ही जपून ठेवलं आहे.